झाडं बंद केली की गेम चालतो

मला एका जागी बसवत नाही. शाळेत बाई म्हणायच्या, "हिच्या बाकाला खिळे वर आलेत का, ते बघा कुणीतरी." आणि धंदा मी निवडला तो असा, की निम्मा दिवस पडद्यावरची पट्टी डावीकडून उजवीकडे सरकण्याची वाट बघायची. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचे हात थोडे चालतात, वाटच जास्त बघावी लागते. पट्टी नव्व्याण्णव टक्क्यांवर अडली की मी दुकानातून उतरते आणि जव्हारच्या बसस्टँडपर्यंत फेरी मारून येते. कंडक्टर विचारतात, "काय ताई, कुठं निघालात?" मी सांगते, "कुठं नाही, फाइल उतरतेय."

वीस वर्षांहून जास्त काळ हे चाललंय. दुकान जव्हारला, आणि मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी जीपमध्ये चौथी सीट धरून मोखाड्याला. सोबत पिशवी. तीत स्क्रू-ड्रायव्हर, रंगाऱ्याचा एक मऊ ब्रश आणि एक खोडरबर. खोडरबर बघून लोक हसतात. पण मशीन उघडून रॅमची पट्टी काढली आणि तिच्या सोनेरी दातांवर खोडरबर घासला, की पावसाळ्यात मेलेली बरीचशी मशिनं उठून बसतात. आमच्याकडच्या पावसात पायातल्या चपलेला बुरशी येते, तिथे रॅमची काय कथा.

पूर्वी लोक मशीन बंद पडलं की यायचे. आता चालू मशीन घेऊन येतात आणि विचारतात, "ताई, ह्याच्यावर चालेल का?" म्हणजे कुठला तरी नवा गेम. त्याची जाहिरात मोबाइलवर बघितलेली असते, आणि तिच्याखाली कंपनीने दिलेली यादी असते. यादीला दोन रकाने. एकावर लिहिलेलं 'किमान', दुसऱ्यावर 'शिफारस'. गिऱ्हाईक फक्त 'किमान' वाचून येतं. आता 'किमान' याचा कंपनीच्या भाषेत अर्थ 'उघडेल', आणि गिऱ्हाईक समजतं 'चालेल'. उघडणं आणि चालणं यांत जव्हार ते मोखाड्याएवढं अंतर आहे, आणि मध्ये घाट आहे.

ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांना मी स्वयंपाकघर सांगते. प्रोसेसर म्हणजे घरातली बाई. रॅम म्हणजे ओटा. ओटा लहान असेल तर बाई कितीही हुशार असो, परात ठेवली की पोळपाटाला जागा उरत नाही. हार्डडिस्क म्हणजे कोठी. कोठीत धान्य ढीगभर असलं म्हणून पोळ्या लवकर होत नाहीत, हे पुरुषांना समजावताना जरा वेळ लागतो. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे लग्नाच्या पंगतीचा आचारी. रोजच्या स्वयंपाकाला घरची बाई पुरते. पण नव्या गेममध्ये डोंगर, पाणी, सावल्या, धूर असं सगळं एका क्षणात अनेकदा रंगवून वाढायचं असतं. त्याला वेगळा आचारी, त्याची वेगळी चूल आणि वेगळी भांडी लागतात. आमच्या भागातल्या बहुतेक लॅपटॉपांत आचारी नसतोच. घरच्या बाईलाच जुंपलेलं असतं, तेही त्याच लहानशा ओट्यावर.

स्टिकर बघून फसणारेही पुष्कळ. मशीनवर मोठ्या नंबरचं स्टिकर असलं की त्यांना वाटतं जिंकलो. पण त्या नंबराची पिढी कुठली, हे कुणी बघत नाही. म्हातारा पैलवान तो, फोटोत भारी दिसतो.

माझ्या गिऱ्हाइकांतलं सगळ्यांत विचित्र म्हणजे मोखाड्याचे चौधरी सर. शाळेत गणित शिकवतात, घरची भातशेती आहे. त्यांना खेळायचा होता शेतीचा गेम. नांगरणी, पेरणी, कापणी, सगळं ट्रॅक्टरवर बसून. ऐन लावणीच्या दिवसांत पोटरीला वाळलेल्या चिखलासकट ते दुकानात आले आणि हळूच म्हणाले, "ताई, ह्याच्यावर ट्रॅक्टर चालेल का?" मी मशीन बघितलं आणि नाही म्हणाले. त्यांनी ऐकलं नाही. पुढच्या वर्षी नाशिकहून भलंमोठं मशीन आणलं, आत आचारी असा की दोन लग्नं एकदम उठवील. ते जोडून द्यायला मी गेले, तेव्हा त्यांच्या घरी चारसहा शेजारी जमले होते. माझ्या तोंडाला तर कुलूप नाही. मी म्हणाले, "सर, खरी खाचरं सोडून खोटं शेत नांगरायला एवढं मशीन? आणि यूपीएसची बॅटरी मात्र जुनीच ठेवलीत!" सगळे हसले. सर हसले नाहीत. त्यानंतर त्यांनी मला कधी फोन केला नाही, बारीकसारीक कामही नाशिकला नेऊ लागले. मीही म्हटलं, जाऊ दे.

आता ज्या कामाबद्दल लिहायला बसले, ते.

जामसरचे महादू काका साठी ओलांडलेले, भात आणि नागली पिकवणारे. एक दिवस सकाळच्या जीपने आले आणि गोधडीत गुंडाळलेला लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला. तो मी ओळखला. त्यांची मुलगी सुनंदा कॉलेजात असताना तिचा होता, दोनदा मीच दुरुस्त केला होता. सुनंदा आता पुण्यात गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे, हेही मला ऐकून माहीत होतं.

"पोरीचा गेम भायेर आला, ताई," काका म्हणाले. "ती त्यात चित्रा काढते. बोलली, बा, तू बघ. त्यात तुझ्यासाठी एक ठेवलाय."

"काय ठेवलंय?"

"ता नाय सांगत. बोलली, घराच्या मागं जा, मंग दिसंल."

"मग फोनवर फोटो मागवा ना. माझ्याच फोनवर पाठवू दे."

"मी बोललो तसा. तर बोलली, फोटू नाय पाठवनार. तू चालत जाऊन बघ." मग थोडं थांबून म्हणाले, "ह्याच्यावर चालंल का?"

गावात लोक त्यांना चिडवत होते. पोरगी पुण्यात गेम खेळते आणि म्हातारा सांगतो नोकरी करते. पण त्यांना त्याचं काही नव्हतं. त्यांना फक्त घराच्या मागं जायचं होतं.

मी यादी बघितली, लॅपटॉप बघितला. अगदी खरं सांगायचं तर उत्तर एका शब्दाचं होतं, 'नाही'. पण मला एकदम खुमखुमी आली. मी म्हणाले, "चालेल. चालवून दाखवते. चार दिवस द्या."

ते चार दिवस मी कशी वागले ते माझ्या घरच्यांना विचारा. सुनंदाने दिलेल्या कोडवर गेम उतरवायला घेतला. दिवसाचा नेट संपायचा, मग दुसऱ्या सिमवर, मग लाइट जायची. पट्टी सरकेना की मी बसस्टँडला, तिथून परत, पुन्हा बसस्टँडला. गेम एकदाचा उतरला. उघडल्यावर काळा पडदा. लॅपटॉप खोलला, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, प्रोसेसरवरचा वाळलेला लेप खरवडून नवा लावला, रॅमला खोडरबर मारला, दुसऱ्या मेलेल्या मशीनमधली रॅमची पट्टी काढून ह्याच्यात घातली. तेव्हा कुठे चित्र आलं. पण हलेना. गेममधला माणूस एक पाय उचलायचा, आणि दुसरा पाय उचलेपर्यंत चहा पिऊन व्हायचा.

अशा वेळी आमच्या धंद्यातला प्रत्येक जण जे करतो, ते मी केलं. चित्रातलं ओझं उतरवायला घेतलं. आधी सावल्या बंद. मग पाण्यातली प्रतिबिंबं बंद. मग गवत. सगळ्यांत जास्त ओझं असतं झाडांचं, कारण पान न् पान वेगळं रंगवावं लागतं. गेमच्या मेनूत झाडांपुढे 'कमी' एवढीच सोय होती. मी तिथे थांबले नाही. आत शिरून सेटिंगची फाइल उघडली आणि झाडांपुढे स्वतःच्या हाताने शून्य लिहिलं. गेम सुरू केला, आणि माणूस चालू लागला. अडखळत का होईना, पण चालला. मी एकटीनेच दुकानात टाळ्या पिटल्या आणि काकांना फोन केला.

काका धुतलेला सदरा घालून आले. मी खुर्ची पुढे ओढली. पडद्यावर तपकिरी डोंगर, नदी, नदीपलीकडे एक घर. काका टक लावून बघत होते. मी त्यांच्या फोनवरून सुनंदाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"बा, नदीला उतार आहे तिथून ये," ती सांगू लागली. "आता घर दिसलं? आता मागं जा."

मी माणसाला घराच्या मागे नेलं. मागे सपाट जमीन होती. तपकिरी, मोकळी, अगदी टेकडीपर्यंत.

"दिसलं?" सुनंदाने विचारलं.

काकांनी पडद्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी फक्त बघत होते माणूस अडखळत नाही ना.

"दिसला, पोरी," काका म्हणाले. "बेस केलास."

मग ती म्हणाली, "बरं बा," आणि फोन ठेवला.

काका उठले, पिशवी उचलली, दारापर्यंत गेले आणि वळले.

"ताई, थं काय होता?"

त्या क्षणी मला कळलं. तिथे जे होतं, ते झाडांपुढच्या त्या शून्याने मीच पुसलं होतं. ही मुलगी चित्रं काढते, पण कशाची, हे मी एकदाही विचारलं नव्हतं. चार दिवसांत एकदाही नाही. मला मशीन जिंकायचं होतं. आणि तेव्हाही मी खरं बोलले नाही. म्हणाले, "ते घरच असेल, काका. तुमच्या घरासारखं केलंय तिनं."

काकांनी विचार केला. "आमच्या घराला तसा दरवाजा नाय," एवढंच म्हणाले आणि जीप पकडायला गेले. लॅपटॉप मी पंख्याचं निमित्त सांगून ठेवून घेतला होता.

दुपारी दुकानाचं दार लोटलं आणि फाइलमधलं शून्य काढून टाकलं. गेम सुरू केला. पंखा गिरणीसारखा ओरडू लागला. घरापर्यंत यायलाच कितीतरी वेळ गेला. घराच्या कोपऱ्यावरून वळले, मागे काहीतरी काळं, उंच उभं दिसलं, आणि लॅपटॉप तापून बंद पडला. पुन्हा केलं. पुन्हा तिथेच बंद. तिसऱ्यांदा तर तो सुरूच होईना.

त्यानंतरचे दिवस मला कशातच चैन पडलं नाही. गिऱ्हाइकांवर उगाच ओरडायचे. एकाच्या प्रिंटरमध्ये शाई उलटी घातली. सारखं डोळ्यांपुढे यायचं, म्हाताऱ्याने पोरीशी खोटं बोलून वेळ मारून नेली, आणि ती वेळ त्याच्यावर आणली मी. पोर एवढ्या लांबून बोट दाखवतेय, बाप बघतोय, आणि मधलं झाड मी काढून ठेवलेलं. आचारी असलेलं मशीन कुणाकडे आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्या घराची पायरी चढायची नव्हती म्हणून मी चार दिवस ब्रश आणि खोडरबर घेऊन झुंजले होते. याला हुशारी म्हणतात असं मला वाटत होतं.

मोखाड्याच्या बाजाराच्या दिवशी शाळा सुटायच्या वेळी चौधरी सरांच्या दारात जाऊन उभी राहिले. सरांनी चष्मा वर केला.

"काय ताई, खोटं शेत बघायला आलात?"

"सर, मशीन मागायला आलेय. आणि माफी."

"आधी काय?"

"आधी मशीन," मी म्हणाले. खोटं कशाला बोला.

सर हसायचं नाही असं ठरवून उभे होते, पण हसले. मी सगळं सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "रविवारी आणा त्यांना. गेम आजच टाकून ठेवा." मग आत जाता जाता म्हणाले, "खाचरं मी सोडलेली नाहीत, एवढं लक्षात ठेवा. ह्या वर्षीचा भात बघून जा पाहिजे तर." मी मान खाली घालून गेम टाकायला बसले.

काकांना जीपमध्येच खरं सांगितलं. घाटाची वळणं चालली होती. मी म्हणाले, "काका, तिथं काहीतरी आहे. मीच ते बंद केलं होतं. मशीन चालावं म्हणून." वाटलं चिडतील. ते खिडकीबाहेर बघत होते. "मना वाटला, माझीच नजर गेली," म्हणाले. "मंग बेस झाला."

सरांच्या टेबलासमोर काका बसले. सर मागे उभे. मी गेम सुरू केला. तोच डोंगर, पण हिरवागार. साग, ऐन, बांबूची बेटं, खाली हलणारं गवत. सगळं आमच्याकडचं, कुठल्या परक्या देशातलं नाही. काका नावं घेऊ लागले. "ह्यो हेदू. त्यो पळस. ती करवंदाची जाळी." सर म्हणाले, "अहो, हा तर आपल्या सूर्यमाळच्या डोंगराचा उतार." नदी ओलांडली. घर आलं. मी कोपऱ्यावरून वळले.

घराच्या मागे मोहाचं झाड होतं. जुनं, रुंद, कमरेएवढ्या उंचीवर फुटलेली एक आडवी फांदी, बसायला पाठ पुढे केल्यासारखी. खाली जमिनीवर मोहाची फुलं पडलेली.

मी माणसाला हलवणार, तर म्हणाले, "नको. थं ऱ्हाऊ दे."

मग हळूहळू सांगू लागले. असंच झाड त्यांच्या घरामागे होतं. त्या आडव्या फांदीवर बसून सुनंदा अभ्यास करायची. पाड्यावर लाइटीची तार आली, तेव्हा ती झाडाला अडायला लागली. एक तर झाड ठेवा, नाहीतर लाइट घ्या. "दहावीची पोर, चिमणीच्या धुरात डोळं लाल करून घेई. मी बोललो, तोडतो. मीच तोडला. माझ्या हातानं." सुनंदा शाळेतून आली तेव्हा बुंधा उरला होता. दोन दिवस जेवली नाही. लाइटीखाली वाचायला बसली नाही, चिमणीच लावली, महिनाभर. "मंग बसली. पन त्या झाडाचा नाव तिनं पुन्यांदा कधी घेतला नाय. मीबी नाय घेतला."

मी झाडं बंद केली होती ती मशीन चालावं म्हणून.

"ताई," काका म्हणाले, "ती फुला येचता येतात का?"

मी कीबोर्डवरचं एक बटण दाबून बघितलं. माणूस वाकला. एक फूल हातात आलं. काकांनी खुर्ची पुढे घेतली. मी त्यांचं बोट त्या बटणावर ठेवून दिलं आणि पुढे कसं सरकायचं ते दाखवलं. नांगर धरलेलं जाड बोट, दाबलं की दोन बटणं एकदम दाबली जायची. तरी जमलं. एक फूल, दुसरं, तिसरं. चैत्रात पहाटे बाया वेचतात तसं, एका कडेने, एकही न सोडता.

सातवं फूल उचललं आणि लाइट गेली.

यूपीएस पिंपिं करू लागला. मी सवयीने बंद करायला हात पुढे केला, पण तेवढाही वेळ त्या जुन्या बॅटरीने दिला नाही. पडदा काळा झाला. सर माझ्याकडे बघायचं टाळत होते.

काका काळ्या पडद्याकडे बघत राहिले, आणि मग हसायला लागले. अगदी डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "तवा लाइट आली म्हून गेला," म्हणाले, "आन् आता लाइट गेली म्हून गेला."

मग त्यांनी खिशातून फोन काढला आणि माझ्याकडे दिला. मी सुनंदाला लावून दिला.

"पोरी, त्या दिशी मी खोटा बोललो. दिसला नव्हता. आज दिसला."

"मला माहीत होतं, बा," ती म्हणाली. "त्या दिवशी तू लगेच बोललास ना. दिसलं असतं तर तुला लगेच बोलता आलं नसतं." मग तिने विचारलं, "फुलं वेचलीस?"

"सात येचली न् लाइट गेली."

"मग बस तिथंच. लाइट आली की परत जा. कोणी नाही तोडत आता."

काका "बरं" म्हणाले. फोन खिशात ठेवला, हात मांडीवर ठेवले आणि पडद्याकडे तोंड करून बसले. सरांनी चहा आणला. लाइट कधी येईल ते कुणालाच माहीत नव्हतं. परतीच्या जीपने दोनदा हॉर्न दिला आणि निघून गेली. मी काकांच्या शेजारी स्टूल ओढून बसले, आणि लाइट येईपर्यंत एकदाही उठले नाही.